मोठ्या मायचा उजवा हात

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे असतील तर ते मोठ्या मायचे. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. गोंदियाकडच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत होती. सातवीनंतर काय, हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडला नव्हता, कारण तिथवर कोणी पोचलेच नव्हते. मी सातवी पास झालो त्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी मोठी माय भिलाईहून गावी आली. तिने माझी गुणपत्रिका मागून घेतली, खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिली आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "भाऊजी, याले मी नेतो." वडील हो-नाही म्हणायच्या आत तिने माझे दोन सदरे आपल्या पिशवीत घातले होते.

मोठे बाबा, म्हणजे तिचे यजमान, तिथल्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर, होते. कॅम्प-१ या वस्तीत दोन खोल्यांचे घर. त्यांना मूल नव्हते. मोठी माय जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजन रांधायची. दोनशे पोरांची डाळ एका पातेल्यात, आणि ती ढवळायला वल्ह्याएवढा डाव. सगळे काम उजव्या हाताचे. मी अभ्यासाला बसलो की ती समोर तांदूळ निवडत बसायची. स्वतः चौथी शिकलेली. मराठी अक्षर लावून लावून वाचते. माझ्या पुस्तकातले तिला काही कळत नव्हते, पण माझे ओठ हलायचे थांबले की लगेच विचारायची, "कावून थांबला?"

मी बी.ए. झालो तेव्हा मोठे बाबा हयात नव्हते. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत मी पहिला पदवीधर. पदवीचा कागद घरी आणला तेव्हा मोठ्या मायने आधी साबणाने हात धुतले, पदराला पुसले आणि मग तो हातात घेतला. पुढे मला रेल्वेत कारकुनाची नोकरी लागली, भिलाई-३ च्या ऑफिसात. लग्न झाले. बायको बारावी पास, राजनांदगावची.

त्या पदवीमुळे गल्लीतले सगळे कागद माझ्याकडे येऊ लागले. पेन्शनचा अर्ज, आधार कार्डावरची चूक, कोर्टाची नोटीस, दवाखान्याचा रिपोर्ट. मोठी माय कोणालाही सांगायची, "आमच्या बाबूले दाखव. तो वाचून देते." मी चष्मा लावून कागद वाचायचो आणि समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. मला ते आवडत होते, हे आज कबूल करतो.

मोठ्या मायच्या उजव्या छातीत गाठ निघाली ती माझ्या बायकोला कळली, मला नाही. तिने ती कित्येक महिने लपवली होती. तपासण्या झाल्या, आधी किमो झाली, केस गेले, तोंडाची चव गेली. ती शाळेत जायची बंद झाली. मग ऑपरेशन. छाती काढली आणि काखेतल्या गाठीही काढल्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन छान झाले, आता जखम भरली की रायपूरला किरणे, म्हणजे रेडिएशन, घ्यायची, मग उपचार पूर्ण. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या दारातून एका मुलीने हाक मारली, "अम्मा के साथ कौन है?" पांढरा कोट, वय माझ्या धाकट्या बहिणीएवढे. ती फिजिओथेरपिस्ट होती. मी बाहेर व्हरांड्यात गेलो. तिच्या हातात एक कागद होता, दोन्ही बाजूंनी छापलेला. एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला बाईच्या उघड्या धडाची रेखाचित्रे, हातांना बाण काढलेले.

"घर से कोई लेडीज़ नहीं आईं?" तिने विचारले.

माझी बायको संध्याकाळी डबा घेऊन यायची. तेवढे सांगितले असते तरी पुरले असते. पण मी म्हणालो, "मुझे बताइए मैडम. मैं ग्रेजुएट हूँ."

हे मी खरेच म्हणालो. आजही आठवले की कानशिले तापतात.

तिने हसू आवरले असावे. मग ती समजावू लागली. समजावताना तिने स्वतःचा हात स्वतःच्या काखेखाली ठेवला आणि छातीच्या बाजूने बोटे फिरवत सांगू लागली, टाके कुठे आहेत, काय आखडते, काय सैल ठेवायचे. बाकावर एक म्हातारा बसला होता, तो आमच्याकडे बघत होता. वॉर्डबॉय जवळून गेला. मी मान खाली घातली आणि फरशीकडे बघत राहिलो. ज्या बाईने मला वाढवले तिच्या छातीबद्दल एक तरणी मुलगी मला व्हरांड्यात उभे करून सांगत होती, आणि मला तिथून निघायचे होते. तिच्या बोलण्यातले एकच वाक्य माझ्या डोक्यात शिरले: जखमेतले पाणी काढणारी ड्रेनची नळी आहे तोवर हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. त्याच्या आधी तिने काहीतरी सांगितले होते आणि नंतरही बरेच सांगितले. ते सगळे माझ्या कानांवरून गेले.

"समझ गए ना?"

"समझ गया."

"अम्मा को एक बार करके दिखा दूँ?"

"ज़रूरत नहीं मैडम. मैं बता दूँगा."

तिने रजिस्टर पुढे केले. कोणता व्यायाम केव्हा करायचा ते नातेवाइकाला समजावून दिले, समजले, असा एक रकाना होता. मी इंग्रजीत पूर्ण सही केली. कागदाची चौघडी करून एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात टाकली, चित्रे आत जातील अशी. मोठ्या मायने विचारले, "काय म्हणत होती ते पोरगी?" मी म्हणालो, "हात वर न्यायचा नाही म्हणे."

घरी येईपर्यंत त्याचे झाले, हात हलवायचाच नाही. हे कोणी केले? मीच केले. मला वाटले, जेवढा आराम तेवढे बरे. आमच्याकडे आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला काही करू न देणे. मी जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडून झोळी केली आणि तिचा उजवा हात गळ्यात बांधला. रोज ऑफिसला जायच्या आधी ती गाठ मी स्वतः तपासायचो. बायको तिला घास भरवायची. किमोनंतर डोक्यावर आलेल्या बोटभर केसांना तेल लावायचे तेही बायकोच लावायची. मोठी माय डाव्या हाताने पाण्याचा ग्लास उचलू लागली तरी मी धावायचो.

बायकोने एकदा विचारले, "इतकं बांधून ठेवणं बरं हाय का? माझ्या मामीच्या ऑपरेशननंतर त त्याईले हात हलवाले सांगत होते."

"तुझ्या मामीचे वेगळे असेल."

"डॉक्टरनं सांगतलं का बांधाले?"

"सांगितलं ना."

शेजारी एक छत्तीसगढी काकी राहते. ती दाराशी उभी राहून माझे गाठ बांधणे बघायची आणि म्हणायची, "बेटा होय त अइसन होय." मोठी माय हसायची. म्हणायची, "आता काय हाय काकी, मी त राणी होऊन गेली. नुसतं बसून खातो." पण एक दिवस ती मला हळूच म्हणाली, "बाबू, हात लय जड पडून राहिला गा. जरा फिरवू का?"

"नको. टाके उसवतील."

"बरं," ती म्हणाली. माझ्या शब्दापुढे तिने आयुष्यात कधी दुसरा शब्द काढला नव्हता. शिकलेला मी होतो.

टाके काढताना सर्जनने, मान वर न करता, विचारले, "एक्सरसाइज चल रही है?" मी म्हणालो, "जी सर." त्या दिवशी नळीही निघाली. मला वाटले, आता हळूहळू आपोआप हात मोकळा होईल. झोळी मी सोडली नाही. पाकिटातला कागद काढून बघावा, असे एकदा मनात आले होते. चित्रे आठवली आणि हात मागे घेतला.

पाचव्या आठवड्यात आम्ही रायपूरला गेलो. किरणे द्यायच्या आधी एक दिवस नुसते माप घेतात. एका उतरत्या फळीवर झोपवतात, दोन्ही हात डोक्याच्या मागे नेऊन तिथल्या मुठी धरायला लावतात आणि त्या स्थितीत शरीरावर खुणा करतात. दर वेळी अगदी तसेच झोपायचे, म्हणजे किरणे नेमक्या जागी पडतात. तिला आत नेले. थोड्या वेळाने मला बोलावले, कारण टेक्निशियनला वाटले की अम्माला हिंदी कळत नाही.

मोठी माय फळीवर पडली होती. डावा हात डोक्यामागे गेलेला. उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंतही आलेला नव्हता, आणि तेवढ्यातच तिच्या काखेत कातडीखाली ताणलेल्या सुतळीसारखी एक दोरी उभी राहिली होती.

"और ऊपर, अम्मा. थोड़ा और."

"येवढाच येते बाबू," ती माझ्याकडे बघून म्हणाली. कपाळावर घाम होता. "याले सांग, मले हिंदी समजते. हाताले नाई समजून राहिली."

टेक्निशियन हसला, मी नाही. बाहेर डॉक्टर म्हणाले, हात डोक्याच्या वर जात नाही तोवर किरणे बरोबर देता येणार नाहीत, हात मध्ये येतो. तीन आठवडे देतो. रोज फिजिओ करा. त्याहून जास्त उशीर करणे चांगले नाही. त्यांनी एवढेच म्हटले, पण "चांगले नाही" म्हणताना त्यांनी फाइल मिटली.

परतीच्या गाडीत मोठी माय खिडकीशी बसली होती. रायपूर मागे पडल्यावर ती म्हणाली, "बाबू, उशीर झाला त काय होते?"

"काही होत नाही."

"खोटं नको बोलू. तुले खोटं बोलता येत नाई."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दुर्गला पद्मनाभपुरातल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जाऊ लागलो. तिथल्या मॅडम पन्नाशीच्या, बोलायला कडक. त्यांनी मोठ्या मायचा हात कोपरात धरून हलकेच बाजूला नेला, ती दोरी पाहिली, खांदा दाबून पाहिला आणि विचारले, "ऑपरेशन के बाद कसरत किसी ने नहीं बताई? पहले दिन से मुट्ठी खोलना-बंद करना, कोहनी मोड़ना, कुछ नहीं?"

मी मोठ्या मायच्या मागे उभा होतो. मला बोलायचे होते. तोंड उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढाही वेळ मोठ्या मायने दिला नाही. ती म्हणाली, "बताया होगा मैडम. मैं ही अनपढ़ औरत, भूल गई. आलस भी किया."

मॅडम तिला रागावल्या. चांगली पाच मिनिटे रागावल्या. तुम्हा लोकांना आराम करायला सांगितले की आवडते, व्यायाम सांगितला की आवडत नाही. आता तीन आठवड्यांत मी काय जादू करू. इथे रडायचे नाही आणि सुट्टी मागायची नाही. मोठी माय मान खाली घालून "जी, जी" म्हणत होती. वीस वर्षे दोनशे पोरांसाठी पहाटे चूल पेटवणाऱ्या बाईला आळशी म्हटले जात होते, आणि मी मागे उभा राहून ऐकत होतो. हातात फाइल होती. त्या फाइलमध्ये ते पाकीट होते. पाकिटात तो कागद होता.

मी फाइल दुसऱ्या हातात घेतली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सांगू, असे ठरवले. दुसऱ्या दिवशी ती इतक्या दुखण्यात होती की म्हटले, आता नको. मग रोजच आता नको झाले.

व्यायाम असे होते. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि बोटांनी भिंत चढायची, मुंगीसारखी. जिथवर बोटे पोचतील तिथे पेन्सिलीने खूण. मग पुढे वाकून हात सैल सोडून लोंबकळत फिरवायचा. मग दाराच्या चौकटीवरून दोरी टाकून डाव्या हाताने उजवा वर ओढायचा. मग काठी दोन्ही हातांत धरून पडल्या पडल्या डोक्यामागे न्यायची. काखेतली दोरी मॅडम अंगठ्याने दाबत दाबत सैल करायच्या, तेव्हा मोठी माय दात आवळून छताकडे बघायची.

एकदा ती कण्हत म्हणाली, "मैडम, आप पहले थाने में थीं क्या?"

"थाने में होती, अम्मा, तो अब तक कबूल करवा लेती."

दोघी हसल्या. मी बाहेर जाऊन चप्पल घालायला लागलो, कारण नसताना.

आठवड्याने रायपूरच्या डॉक्टरांना बायोप्सीचा जुना रिपोर्ट हवा होता. मी ऑफिसात होतो. बायकोने पाकीट उलटे केले. संध्याकाळी घरी आलो तेव्हा मोठी माय आत पडली होती आणि बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. हातात तो कागद, चौघडी उलगडलेली.

"हा कवाचा हाय?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"पहिल्या दिवसापासून मूठ, कोपर. नळी निघाली की भिंतीवर बोटं. सगळं लिहिलं हाय यात. आन् हिंदीत लिहिलं हाय." तिचा आवाज वाढला नाही. "मी बारावी शिकली हो. हिंदी वाचता येते मले. तुमी हा कागद संध्याकाळी मले दिला असता त मी केलं असतं सगळं."

"मला वाटलं..."

"तुमाले वाटलं, हिले काय समजणार." तिने कागद ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "मी त्याईले सांगणार नाई. तुमी सांगा. तुमचं हाय ते. पण उद्यापासून दवाखान्यात त्याईच्यासंग मी जातो. तुमी ऑफिसात जा."

त्या दिवसापासून दोघी जात. घरी आल्यावर बायको मोठ्या मायच्या शेजारी उभी राहून तिच्याबरोबर स्वतःही भिंत चढायची. मी ऑफिसातून यायचो तेव्हा दोघी भिंतीला तोंड करून उभ्या असायच्या. "मोठ्या आई, अजून एक बोट." "तुह्या मायनं तुले काय खाऊन पैदा केलं वो, थकत नाई कशी!" "तुमी थकल्या का?" "मी कायले थकू?" पुन्हा एक बोट. चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघांची शिडी तयार झाली. मधले चार दिवस एकाच रेघेवर अडकले होते. त्या चार दिवसांत मी जेवलो की उठून अंगणात जायचो आणि तीन आठवड्यांतले उरलेले दिवस मोजायचो. हात वर गेला नाही तर किरणे लांबतील, किरणे लांबली तर ते दुखणे परत येईल, आणि ते परत आले तर ते मी आणले असेल. याच्यापुढे माझा विचार जात नव्हता.

पाचव्या दिवशी मॅडमनी काखेवर बोटे फिरवली आणि ती दोरी तुटल्यासारखा बारीक आवाज झाला, असे बायको सांगते. दुसऱ्या दिवशी मोठी माय चौकटीच्या वरच्या पट्टीला बोट लावून आली.

तीन आठवडे संपायला दोन दिवस असताना आम्ही पुन्हा रायपूरला गेलो. या वेळी मला आत बोलावले नाही. बायको गेली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. पंचवीस मिनिटांनी बायको आली आणि म्हणाली, "धरली." मूठ धरली होती. सगळ्यात वरची नाही, खालची, पण तिथे हात टेकवून ती माप होईस्तोवर हलली नाही. बायको म्हणाली, डोळ्यांतून पाणी कानात जात होते, पण हात नाही हलला.

किरणे झाली. उपचार पूर्ण झाले. तपासण्या आजवर चांगल्या आल्या आहेत.

हात मात्र पूर्वीचा झाला नाही. डोक्याच्या थोडा वर जातो, मागे जात नाही. पाठीवरचा हूक तिला लावता येत नाही. संध्याकाळी हात सुजतो, त्यावर घट्ट बाही घालावी लागते. पातेले उचलणे संपले. शाळेत तिच्या जागी दुसरी बाई लागली. मोठी माय म्हणते, बरे झाले, लय वर्षे केले. पण बाराच्या सुमारास ती दाराशी येऊन उभी राहते. त्या वेळी पोरे ताटे घेऊन रांगेत बसतात.

मॅडम एकदा बायकोला म्हणाल्या होत्या, सुरुवातीपासून केले असते तर हा हात पूर्ण वर गेला असता. बायकोने मला ते शब्द जसेच्या तसे सांगितले.

असे दीड वर्ष गेले. माझी बदली बिलासपूरला झाली. बायको मोठ्या मायजवळ कॅम्प-१ मध्येच राहिली. मी शनिवारी घरी जातो. मागच्या महिन्यात एका दुपारी मोठ्या मायचा फोन आला. तिचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, हातात धरायला नको म्हणून, आणि शेजारची काकी नेहमी त्यात बोलते. मोठी माय खुशीत होती. आमच्या गल्लीतल्या एका तरुण बाईचे तेच ऑपरेशन ठरले होते. रविवारी विहारात वंदना झाल्यावर मोठ्या मायने तिला बायकांमध्ये बसवून सगळे समजावले होते.

"मी म्हटलं तिले, माह्यासारखा आळस नको करू वो. मी अडाणी, विसरून गेली, म्हणून हात असा झाला. मॅडमनं लय रागावलं मले. तू हात हलवत रायजो."

"काय काय सांगितलं तिला?"

"आन् म्हटलं, तुह्या नवऱ्याले दवाखान्यात पुढं कर. शिकलेला हाय तो. शिकलेला माणूस असला की काही काळजी नाई. माह्या बाबूनंच सगळं पाह्यलं माह्यं."

मागून काकी म्हणाली, "सच बात हे. अइसन बेटा काकर होथे." असा मुलगा कोणाचा असतो, असे तिचे म्हणणे.

मी फोन ठेवला. टेबलावर बिलांचा गठ्ठा होता, त्यातले एकही बिल त्या दुपारी झाले नाही. माझे खोटे आता तिने दुसऱ्या बाईच्या हाती दिले होते, आणि तेही विहारात, सगळ्यांसमोर, माझ्याविषयीच्या अभिमानाने. त्या बाईचे ऑपरेशन दहा दिवसांवर होते.

फोनवर बोलता येणार नव्हते. शनिवारी समोर बसून बोलेन असा माझ्यावर माझाच विश्वास नव्हता. दीड वर्षांत कितीतरी शनिवार गेले होते. म्हणून मी मोठ्या अक्षरांत, तिला लावून वाचता येईल असे पत्र लिहिले आणि त्याच संध्याकाळी स्पीड पोस्टाने पाठवले. ते असे:

प्रिय मोठी माय,

जयभीम.

हे पत्र तूच वाच. कोणाकडून वाचून घेऊ नको. अक्षर मोठे काढले आहे.

तुझा हात असा झाला त्यात तुझा आळस नव्हता. तू काही विसरली नाहीस. तुला कोणी सांगितलेच नव्हते. सांगायचे माझ्याकडे होते.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी ती मुलगी आली होती ना, तिने मला सगळे व्यायाम समजावले. पहिल्या दिवसापासून मूठ उघडायची-मिटायची, कोपर वाकवायचे. तिने कागद दिला. तुला करून दाखवते म्हणाली. मी नको म्हणालो. मला लाज वाटली, मोठी माय. त्या कागदावर बाईच्या छातीचे चित्र होते आणि लोक बघत होते. मी समजले म्हणून सही केली. मला काही समजले नव्हते. कागद मी वाचलाही नाही. घरी येऊन तुझा हात मी बांधून ठेवला. तू फिरवू का विचारलेस तेव्हा मी नको म्हणालो. सर्जनला मी खोटे सांगितले. पद्मनाभपूरच्या मॅडम तुला रागावल्या तेव्हा मी मागे उभा होतो आणि गप्प राहिलो. तू स्वतःला अडाणी म्हणालीस तेव्हाही गप्प राहिलो.

तू म्हणतेस मला खोटे बोलता येत नाही. येते.

तुझ्या सुनेला हे माहीत आहे. तिला दोष देऊ नको. तिने मला तेव्हाच तुला सांगायला सांगितले होते. तुझा हात जेवढा वर गेला तो तुझ्यामुळे आणि तिच्यामुळे गेला.

तू मला गावाहून आणले नसते तर मी सातवीत राहिलो असतो. माझे शिक्षण तू केलेस आणि त्या शिक्षणाने मी तुझा हात घालवला. यावर माफी मागावी असे मला वाटते, पण माफी मागितली की तू लगेच देशील, म्हणून मागत नाही. तू आधी रागाव.

आता एक काम तातडीने कर. त्या बाईला उद्याच बोलाव. तिला सांग, मी विहारात सांगितले ते चूक होते. नवऱ्याला पुढे करू नको, शिकलेला असला तरी. फिजिओच्या मॅडमला पलंगापाशी बोलावून तिने स्वतः विचारावे, स्वतः करून बघावे, आणि सही मागितली तर तिनेच करावी. कागद घरातल्या बाईच्या हातात द्यावा. माझे नाव सांगून सांग. बाबूने असे केले म्हणून सांग. नाहीतर ती ऐकणार नाही. तिला वाटेल आळस केला की हात जातो, आणि ती आळशी नाहीच, म्हणून निर्धास्त राहील.

मी या शनिवारी येतो. त्याआधी फोनवर रागवायचे असेल तर रागाव. फोन स्पीकरवर असू दे. काकी ऐकत असली तरी चालेल.

तुझा,
बाबू